जुन्या पॅराफिन ब्लॉकमधून बायोमार्कर शोधायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तोंडाच्या कॅन्सरचे १५-२० वर्षांचे पॅराफिन ब्लॉक (फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे) कपाटांत रचून ठेवलेले आहेत. रिपोर्ट आहेत, बऱ्याच रुग्णांचा फॉलोअपही मिळू शकतो. तिथे एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरांना थीसिससाठी या ब्लॉकवर मास स्पेक्ट्रोमेट्री (प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखणारी मशीनची तपासणी) करायची आहे. कोणाचा कॅन्सर मानेच्या गाठींत पसरणार हे आधी सांगणारं प्रथिन, म्हणजे बायोमार्कर, सापडेल का, इतके जुने ब्लॉक चालतील का, नमुने किती घ्यावेत आणि स्वतःचं मशीन नसताना हे जमेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. ब्लॉक चालतील, मशीन बाहेरचं वापरता येईल. पण ‘कपाटातले सगळे ब्लॉक काढू, पसरलेले एका बाजूला, न पसरलेले दुसऱ्या बाजूला, आणि काय फरक दिसतो ते बघू’ असा बेत असेल तर तो आत्ताच बदला. त्यातून प्रथिनांची लांबलचक यादी मिळेल, कदाचित पेपरही छापून येईल, पण पुढे कोणी ते प्रथिन रुग्णासाठी वापरणार नाही. या कामातून आजवर निदानात जे टिकलं, त्यातलं सर्वांत भरवशाचं सगळं एकाच पद्धतीने आलं आहे: स्लाइडवर डोळ्याला दिसणारा एक नेमका बदल कापून घेतला आणि ‘हे कशाचं बनलं आहे?’ एवढंच मशीनला विचारलं.

ब्लॉकच्या वयाचं आधी उरकतो, कारण सगळ्यांना भीती त्याचीच असते. फॉर्मलिनने ऊतक कडक होऊन टिकतं हे १८९३ मध्ये फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लूमच्या लक्षात आलं. तो फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होता आणि त्यात त्याच्या स्वतःच्याच बोटांची कातडी ताठरली. घडतं असं की फॉर्मल्डिहाइड प्रथिनातल्या लायसिनच्या अमाइन गटाला चिकटतं आणि मग शेजारच्या टायरोसिन, आर्जिनिन, ग्लुटामिन यांच्याशी पूल बांधतं. सगळी प्रथिनं एकमेकांत इतकी गुंततात की साध्या बफरमध्ये काहीच उतरत नाही. म्हणून कितीतरी वर्षं ब्लॉक आकार पाहायला उत्तम आणि रसायनशास्त्राला कुचकामी, असा समज होता. पण उष्णतेने हे पूल बऱ्याच अंशी सुटतात, हे फ्रेंकेल-कॉनराट यांच्या १९४० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलंच होतं. १९९१ मध्ये त्याच आधारावर मायक्रोवेव्हमध्ये स्लाइड तापवून अँटिजेन रिट्रीव्हल, म्हणजे गुंतलेली प्रथिनं अँटिबॉडीसाठी पुन्हा मोकळी करणं, सुरू झालं. तुमच्या आयएचसीच्या (अँटिबॉडी लावून स्लाइडवर प्रथिन रंगवण्याच्या) टेबलावर प्रेशर कुकरमध्ये रोज जे चालतं, तेच आम्ही ट्यूबमध्ये करतो. फक्त जास्त वेळ आणि भरपूर डिटर्जंट घालून.

मेणात बंद असलेल्या ऊतकातली प्रथिनं आरएनएसारखी वर्षागणिक तुटत जात नाहीत. दहा-पंधरा वर्षांच्या आणि गेल्या वर्षीच्या ब्लॉकमधून मिळणाऱ्या प्रथिनांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. खराब होतात ते कापून ठेवलेले सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप). आयएचसीसाठी काढलेल्या बिनरंगाच्या स्लाइड पेटीत वर्षभर पडल्या असतील तर त्या वापरू नका. हवा लागून मेथिओनिन ऑक्सिडाइझ होतं आणि ते स्पेक्ट्रममध्ये १५.९९५ डाल्टनने सरकलेलं दिसतं. ब्लॉक नव्याने कापा आणि वरचे दोन-तीन सेक्शन टाकून द्या. हवेला उघडा राहिलेला थर तोच असतो.

खरी अडचण ब्लॉक बनण्याआधीच्या एक-दोन दिवसांत असते, आणि त्याची नोंद कोणत्याच रिपोर्टवर नसते. ऑपरेशन थिएटरमध्ये नमुना निघाल्यापासून फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला? तोवर पेशी जिवंत असतात, ऑक्सिजन नसल्याने धडपडत असतात. फॉस्फोरिलेशन (प्रथिनांवर फॉस्फेट चढणं-उतरणं) तर या वेळात पार बदलून जातं. म्हणून जुन्या ब्लॉकमध्ये फॉस्फोप्रथिनांच्या मागे लागू नका, गाइड कितीही म्हणाले तरी. नंतर फॉर्मलिनमध्ये नमुना किती तास होता? स्तनाच्या कॅन्सरच्या रिसेप्टर तपासण्यांसाठी अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं ६ ते ७२ तास सांगतात आणि थिएटर ते फॉर्मलिन हा वेळ तासाभराच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याकडे शनिवारी दुपारी झालेल्या ऑपरेशनचा नमुना सोमवारी ग्रॉसिंगला (कापून पाहायला) येतो, मध्ये सुट्टी आली तर मंगळवारी. मोठा नमुना न कापता तसाच बरणीत राहिला असेल तर बाहेरचा भाग अति फिक्स आणि आतला भाग अर्धा सडलेला, असं एकाच ब्लॉकमध्ये सापडतं. शिवाय ते फॉर्मलिन बफर घातलेलं होतं की बाटलीतलं ४० टक्क्यांचं द्रावण नळाच्या पाण्यात मिसळलेलं होतं, हे विभागातल्या जुन्या टेक्निशियनना विचारा. त्यांना कोणत्या साली काय बदललं ते नक्की आठवतं. स्लाइडवर काळपट-तपकिरी फॉर्मलिन पिगमेंट दिसत असेल तर उत्तर विचारायचीही गरज नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये याहून एक मोठा खड्डा आहे. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे गाल आणि हिरडीच्या सांध्यातले ट्यूमर जास्त. त्यात जबड्याचं हाड काढावं लागतं, आणि हाड असलेला भाग ब्लॉकमध्ये घालण्याआधी आम्लात मऊ केला जातो. हाडापर्यंत गेलेले ट्यूमर मोठे असतात आणि मोठे ट्यूमर गाठींत पसरण्याची शक्यताही जास्त. आता विचार करा: पसरलेल्यांच्या गटात आम्लात भिजलेले ब्लॉक जास्त आले तर मशीन तुम्हाला अतिशय देखणा फरक दाखवेल. तो फरक आम्लाचा असेल. म्हणून डिकॅल्सिफाय केलेले ब्लॉक सरसकट बाहेर ठेवा. तसंच एका गटात छोट्या पंच बायोप्सी आणि दुसऱ्यात ऑपरेशनचे मोठे नमुने, असं कदापि करू नका. बायोप्सी काही तासांत फिक्स होते, आख्खा जबडा होत नाही.

आता नेमकं कापण्याबद्दल. यातली सर्वांत चांगली उदाहरणं किडनीची आहेत, म्हणून तोंड सोडून जरा तिकडे जातो.

अमिलॉइड, म्हणजे ऊतकात साचणारं चुकीच्या घडीचं प्रथिन, तुम्ही काँगो रेड या रंगावर पाहिलं असेलच. ध्रुवीकृत प्रकाशात सफरचंदी हिरवं चमकतं. पण ते कोणत्या प्रथिनाचं आहे हे रंगावरून कळत नाही. इम्युनोग्लोब्युलिनच्या लाइट चेनचं असेल तर रुग्णाला केमोथेरपी, ट्रान्सथायरेटिनचं असेल तर पूर्णपणे वेगळं औषध. चूक झाली तर म्हाताऱ्या माणसाला विनाकारण केमो. अँटिबॉडी लावून हे ओळखणं अमिलॉइडमध्ये बेभरवशाचं, कारण आजूबाजूचं रक्तातलं प्रथिन सगळीकडे रंग देतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने २००९ मध्ये मांडलेली पद्धत अशी: काँगो रेड केलेल्या पॅराफिन सेक्शनमधून फक्त चमकणारा भाग लेसरने कापायचा, ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने पचवायचा आणि मास स्पेकवर पाहायचं की सर्वांत जास्त प्रथिन कोणतं. स्वतंत्र ४१ रुग्णांच्या गटात ९८ टक्के वेळा प्रकार बरोबर निघाला. लागणारं ऊतक म्हणजे १० मायक्रॉन जाडीच्या सेक्शनमधले सुमारे ६० हजार चौरस मायक्रॉन. टाचणीच्या डोक्याहून कितीतरी लहान तुकडा. त्यांच्याकडे आणखी एक हुशारी होती. अमिलॉइड कोणतंही असो, त्यासोबत अपोलिपोप्रोटीन ई आणि सीरम अमिलॉइड पी ही प्रथिनं जवळजवळ नेहमी असतात. ती यादीत दिसली नाहीत तर लेसरने चुकीची जागा कापली, असं समजायचं. निकालाच्या आतच त्याची परीक्षा घेण्याची सोय! तुमच्या अभ्यासातही असं काही ठेवता येतं, ते पुढे सांगतो.

दुसरं उदाहरण मला व्यक्तिशः सर्वांत आवडतं. फायब्रिलरी ग्लोमेरुलोनेफ्रायटिस या आजारात किडनीच्या गाळणीत सुमारे २० नॅनोमीटर जाडीचे तंतू साचतात. ते काँगो रेडचा रंग सहसा धरत नाहीत, निदानाला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागायचा, आणि तो आपल्याकडे किती ठिकाणी आहे हे तुम्हाला माहीत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, एक मेयोचा आणि एक वॉशिंग्टन विद्यापीठाचा, जुन्या किडनी बायोप्सींच्या ब्लॉकमधून या गाळण्या लेसरने कापून काढल्या. दोघांनाही एकच प्रथिन मिळालं, डीएनएजेबी-९. निरोगी किडनीत, अमिलॉइडमध्ये, इतर नेफ्रायटिसमध्ये ते तसं साचलेलं नव्हतं. पेशीतल्या एका साध्या मदतनीस प्रथिनावर कोणी कधी बोट ठेवलं नसतं. आधी अंदाज बांधून अँटिबॉडी लावत बसले असते तर हे नाव यादीत आलंच नसतं. त्याच वर्षी अँटिबॉडी लावून पाहिली तर संवेदनशीलता ९८ टक्के आणि विशिष्टता ९९ टक्क्यांच्या वर निघाली. आज ही तपासणी साध्या आयएचसीने होते, मास स्पेक लागत नाही.

अलीकडचं एक उदाहरण त्वचेचं. म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतल्या माटियास मान यांच्या गटाने औषधाच्या रिअॅक्शनने कातडी सोलून निघणाऱ्या टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिसच्या जुन्या बायोप्सींतून केरॅटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) आणि रोगप्रतिकारक पेशी वेगवेगळ्या कापून तपासल्या. दोन्हींत इंटरफेरॉनचा आणि जॅक-स्टॅट या दाहाचे संदेश पोचवणाऱ्या मार्गाचा जोर दिसला. त्यावरून चीनमध्ये सात रुग्णांना जॅक रोखणारी औषधं दिली आणि सातही जण झपाट्याने सुधारले. हे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. आख्खा सेक्शन खरवडून ट्यूबमध्ये टाकला असता तर हा सूर कोलॅजन आणि रक्ताच्या गोंगाटात हरवला असता.

तोंडाकडे परत येतो. तुमचा एच अँड ई (नेहमीच्या रंगाचा) सेक्शन घ्या आणि त्यात काय काय आहे ते मोजा: ट्यूमरची बेटं, केरॅटिनचे मोती, तंतुमय स्ट्रोमा (ट्यूमरभोवतीचं आधार-ऊतक), लिम्फोसाइटचे थवे, लाळग्रंथी, आणि जीभ किंवा गाल असल्यामुळे भरपूर स्नायू. आख्ख्या सेक्शनची तुलना केली की ‘कॅन्सरमध्ये मायोसिन आणि क्रिएटिन कायनेज कमी झालं’ असा शोध लागतो. स्नायूच कमी आला, एवढाच त्याचा अर्थ. पसरलेल्या गटात स्ट्रोमा जास्त असेल तर कोलॅजन बायोमार्कर होतं, लिम्फोसाइट कमी असतील तर इम्युनोग्लोब्युलिन. असे पेपर ढिगाने आहेत.

म्हणून माझा सल्ला: ट्यूमरची आक्रमक कड घ्या. जिथे बेटं लहान होत होत एकेकट्या पेशींच्या रांगा स्ट्रोमात घुसतात, ती जागा. पसरायचं की नाही ते तिथेच ठरत असतं, आणि तुम्ही रिपोर्टमध्ये ‘वर्स्ट पॅटर्न ऑफ इन्व्हेजन’ (ट्यूमर सर्वांत वाईट रीतीने कसा घुसलाय ते) लिहिता तेव्हा तुमची नजर तिथे आपसूक जातेच. ब्राझीलमधल्या कंपिनास इथल्या गटाने २०१८ मध्ये नेमकं हेच केलं: तोंडाच्या कॅन्सरच्या पॅराफिन ब्लॉकमधून आक्रमक कड आणि ट्यूमरचा आतला भाग, दोन्हींतल्या कॅन्सर पेशी आणि स्ट्रोमा वेगळे कापले, मग निवडक प्रथिनं दुसऱ्या रुग्णांत आयएचसीने आणि शेवटी लाळेत मास स्पेकने तपासली. सिस्टॅटिन बी, एलटीए-४-एच आणि कोलॅजन सहाची एक साखळी यांचे लाळेतले पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) गाठींत पसरलेले आणि न पसरलेले रुग्ण वेगळे ओळखायला उपयोगी ठरले. तुमच्या अभ्यासाची चौकट म्हणून हे काम समोर ठेवा. आपल्याकडचे गाल-हिरडीचे ट्यूमर आणि तिकडचे जिभेचे, यांत फरक निघाला तर तोही निकालच आहे.

लेसर कटिंगला बसाल तेव्हाची एक गोष्ट. पीईएन मेम्ब्रेनच्या (लेसरने कापता येणाऱ्या पातळ पडद्याच्या) स्लाइडवर सेक्शन असतो, त्यावर कव्हरस्लिप नसते. त्यामुळे सगळं चित्र कोरडं, करडं, दाणेदार दिसतं आणि रोज रिपोर्टिंग करणाऱ्यालाही पहिल्या दिवशी ट्यूमर कुठे आणि स्नायू कुठे ते उमगत नाही. शेजारचाच सेक्शन नेहमीसारखा एच अँड ई करून कव्हरस्लिप लावा, स्कॅन करा, त्यावर सीमा आखा आणि तो दुसऱ्या स्क्रीनवर उघडा ठेवूनच कापा. मेम्ब्रेनच्या सेक्शनला हेमॅटॉक्सिलिनचा हलका हात पुरे. सगळ्या नमुन्यांचं क्षेत्रफळ सारखं ठेवा. आणि कोणता नमुना कोणत्या गटातला हे कापणाऱ्याला माहीत नसावं. माहीत असलं की पसरलेल्यांत हात नकळत जास्त वाईट दिसणाऱ्या जागी जातो.

पुढची रसायनं थोडक्यात सांगतो, कारण ज्या लॅबमध्ये जाल तिथे त्यांची ठरलेली रीत असेलच आणि ती मोडू नये. झायलिन-अल्कोहोलने मेण काढायचं, ५ टक्के एसडीएस हे डिटर्जंट असलेल्या ८.५ पीएचच्या ट्रिस बफरमध्ये डीटीटी (सल्फरचे पूल तोडणारं रसायन) घालून ९५ अंशांवर तासभर तापवायचं, सोनिकेट करायचं, सिस्टीन झाकायचे, एसडीएस पूर्ण काढायचं आणि ट्रिप्सिन घालून रात्रभर ठेवायचं. एसडीएसचा अंश जरी उरला तरी मास स्पेक चालवणारा माणूस तुमचा नमुना परत पाठवेल. ते काढायला चुंबकी मण्यांची एसपी-३ पद्धत लहान नमुन्यांना चांगली.

फॉर्मलिनची खूण मात्र स्वतः तपासा, हे लॅबवर सोडू नका. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं. लायसिनवर फॉर्मल्डिहाइडचा अवशेष उरला असेल तर ट्रिप्सिनला ती जागा दिसत नाही, कापणं चुकतं आणि लायसिनने संपणारे पेप्टाइड आर्जिनिनने संपणाऱ्यांच्या मानाने घटतात. हे गुणोत्तर प्रत्येक नमुन्याचं काढा. त्याचबरोबर एक छोटा शोध असा लावा ज्यात लायसिनवर १२.००० आणि ३०.०११ डाल्टनची वाढ शोधली जाईल. पहिली पूल किंवा शिफ बेसची खूण, दुसरी नुसत्या चिकटलेल्या फॉर्मल्डिहाइडची. हे आकडे ब्लॉकच्या सालाप्रमाणे, गटाप्रमाणे मांडून पाहा. पसरलेल्या गटात फिक्सेशनची खूण जास्त दिसत असेल तर पुढचं सगळं विश्लेषण थांबवून आधी नमुने बदला. वर म्हटलेली, निकालाच्या आतली परीक्षा ती हीच.

केरॅटिनचाही एक गुंता आहे. बहुतेक सॉफ्टवेअर केरॅटिनला माणसाच्या हातातून आलेली घाण समजून बाजूला टाकतं. किडनी किंवा मेंदूत ते ठीक आहे, पण स्क्वॅमस कार्सिनोमात केरॅटिन हाच तर मालमसाला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये केरॅटिन ४ आणि १३ घटतात, १७ वाढतं. ते गाळणीत गेलं तर अर्धा आजार गेला. गाळणी बंद करा आणि घाणीचा माग काढायला केरॅटिन ९ पाहा. ते तळहात-तळपायाच्या कातडीचं प्रथिन आहे, गालाच्या ट्यूमरमध्ये त्याचं काम नाही. एखाद्या नमुन्यात ते उसळलेलं दिसलं तर ग्लव्ह्ज न घालता कोणीतरी स्लाइड हाताळली, असं समजा.

मशीनबद्दल फार काळजी नको. आयआयटी मुंबईची मास स्पेक्ट्रोमेट्री सुविधा आहे, पुण्याला एनसीएल आहे. अशा ठिकाणी बाहेरचे नमुने घेतात किंवा एकत्र काम करतात. सुरुवातीच्या शोधासाठी डीआयए पद्धतीने चालवायला सांगा. जुन्या पद्धतीत मशीन सर्वांत ठळक पेप्टाइड निवडून तेवढेच मोडायचं, त्यामुळे एक प्रथिन या नमुन्यात दिसायचं, त्यात नाही, आणि टेबलभर रिकाम्या चौकटी. डीआयएत ठरलेल्या वस्तुमान-खिडक्यांतलं सगळंच मोडलं जातं, म्हणून नमुन्या-नमुन्यांची तुलना नीट होते. चांगल्या मशीनवर पॅराफिनमधूनही पाच-सहा हजार प्रथिनं मिळतात. मॅल्डी इमेजिंगबद्दल (सेक्शनवर कोणता रेणू कुठे आहे याचा मास स्पेकने काढलेला नकाशा) विचाराल तर चित्रं सुंदर येतात, पण प्रथिनं ओळखण्याची खोली फार कमी. आणि पॅराफिनमध्ये लिपिड शोधायला जाऊ नका. झायलिनने बहुतेक धुऊन नेलेले असतात.

नमुने मशीनवर कोणत्या क्रमाने जातात हे मात्र तुमच्या हातात आहे आणि इथे हट्ट धरा. २००२ मध्ये ‘लान्सेट’मध्ये एक पेपर आला होता: रक्ताच्या एका थेंबातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून अंडाशयाचा कॅन्सर जवळजवळ अचूक ओळखता येतो. जगभर बातम्या झाल्या, बाजारात चाचणी आणायची तयारी झाली. मग बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी तोच डेटा उकलून पाहिला. त्यांना दिसलेला फरक नमुने कसे, कधी आणि कोणत्या सेटिंगवर चालवले यातून येत होता. आजारातून येतोय असं म्हणायला आधार उरला नाही. चाचणी बारगळली. तेव्हा पसरलेले सगळे सोमवारी आणि न पसरलेले सगळे मंगळवारी, असं होऊ देऊ नका. चिठ्ठ्या टाकून क्रम लावा, कापणी, पचन आणि मशीन तिन्ही टप्प्यांवर. सगळ्या नमुन्यांचा थोडा थोडा अंश एकत्र करून एक मिश्रण बनवा आणि ते ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा चालवा. मशीन घसरत गेलं तर त्यात लगेच दिसतं.

नमुने किती? सहा हजार प्रथिनं तपासली आणि पी ०.०५ ची (नुसत्या योगायोगाने वीसात एकदा फरक दिसण्याची) रेघ धरली तर काहीही नसताना ३०० प्रथिनं ‘महत्त्वाची’ निघतात. यासाठी दुरुस्ती करावीच लागते, आणि दुरुस्तीनंतर दहा-दहाच्या गटांत सहसा काही उरत नाही. माझ्या मते शोधाच्या टप्प्यात प्रत्येक गटात २५-३० रुग्ण, पण नीट जुळवलेले: तीच जागा, तीच टी स्टेज (ट्यूमरचा टप्पा), शिरकावाची खोली मिलिमीटरमध्ये जवळपास सारखी. ही खोली जुळवली नाही तर तुमचं प्रथिन फक्त खोली मोजेल, आणि खोली मोजायला तुमच्याकडे पट्टी आहेच. जुळवताना शंभरातले सत्तर ब्लॉक बाद होतील. होऊ द्या. न पसरलेल्या गटात फक्त असे रुग्ण घ्या ज्यांच्या मानेच्या गाठी काढून तपासल्या होत्या किंवा किमान दोन वर्षांचा फॉलोअप आहे. ‘क्लिनिकली एन-झिरो’ (हाताला गाठ लागली नाही) एवढ्यावर भागवू नका.

यादी हाती आली की थीसिस संपतो आणि खरं काम सुरू होतं. दहा-पंधरा प्रथिनं निवडा, त्यांचे जड समस्थानिकाचे पेप्टाइड विकत घ्या आणि वेगळ्या रुग्णांत लक्ष्यित पद्धतीने, म्हणजे पीआरएमने मोजा. शक्य असेल तर हे रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलचे असू द्या, जिथलं फॉर्मलिन आणि सोमवार वेगळे आहेत. त्यातून दोन-तीन उरतील, त्यांना चांगली अँटिबॉडी आहे का ते पाहा. आयएचसीत उतरलं तरच ते जिल्हा रुग्णालयापर्यंत जाईल.

असं उतरलं की काय होतं याचं आपल्याजवळचं उदाहरण आहे. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या किडनीच्या आजारातलं नेल-वन हे अँटिजेन मास स्पेक्ट्रोमेट्रीतूनच हाती आलं, आणि सुरुवातीला ते कॅन्सरशी जोडलं गेलं. भारतात अँटिबॉडी वापरात आल्यावर मात्र पारा असलेली देशी औषधं घेणाऱ्यांत ते सापडू लागलं. मग केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण पाहिले: १५ नेल-वन पॉझिटिव्ह, त्यातल्या १३ जणांनी गोरं करणारी क्रीम, ज्यात पारा असू शकतो, वापरल्याचं सांगितलं. क्रीम थांबवणं हा उपचाराचा भाग झाला.

आता लगेच करायचं ते. एथिक्स कमिटीकडे आधी जा. उरलेल्या निदान-नमुन्यांवर ओळख काढून टाकून काम करायचं असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार संमतीत सूट मागता येते, पण ती समितीने द्यायची, विभागप्रमुखांनी नाही. कोणताही ब्लॉक संपवू नका. रुग्ण उद्या पुन्हा येऊ शकतो, नव्या औषधासाठी तपासणी लागू शकते. निदान करण्यापुरतं ऊतक राहिलंच पाहिजे. मग सगळ्या अभ्यासात हात घालण्याआधी एक छोटी चाचणी करा: सर्वांत जुने तीन ब्लॉक, मधल्या काळातले तीन, गेल्या वर्षीचे तीन, प्रत्येकातून दोन वेगवेगळ्या दिवशी तेवढंच क्षेत्रफळ कापून. एकाच ब्लॉकचे दोन निकाल एकमेकांशी जुळत असतील आणि लायसिन-आर्जिनिनचं गुणोत्तर सालाप्रमाणे फार ढळत नसेल, तर पुढचा खर्च करा. जुळत नसतील तर आधी कटिंग सुधारा, आणि तेवढा काळ मशीनची वेळ बुक करू नका.